मुरमांच्या चेहऱ्यासाठी साधं रुटीन: चार वस्तू आणि तीन महिने

आरशात आज दिसणारी पुटकुळी आज आलेली नसते. त्वचेच्या बारीक छिद्रात तेल आणि मेलेल्या पेशी अडकून डोळ्यांना न दिसणारा बोळा बसतो आणि तो फुगत फुगत वर यायला कित्येक आठवडे जातात. त्यामुळे परवाच्या लग्नाआधी 'काहीतरी लाव गं' म्हणून जी धावपळ होते, ती जवळजवळ सगळी उशिराच पोचते. मुरमांचं रुटीन असतं ते अजून वर न आलेल्या पुटकुळीसाठी. एवढं पक्कं लक्षात ठेवलं की बाकीचं सोपं जातं. औषध नुसत्या फोडावर का लावायचं नाही, दोन आठवड्यांत ट्यूब का बदलायची नाही, आणि चेहरा बरा दिसू लागला तरी लावणं का थांबवायचं नाही, हे सगळं त्यातूनच येतं.

हे सगळं हलक्या ते मध्यम मुरमांसाठी आहे. खोल, दुखऱ्या गाठी असतील तर सरळ शेवटच्या भागाकडे जा.

ही मुरमंच आहेत ना?

नाकावरचे काळे ठिपके, हनुवटीवरचे पांढरे दाणे, गालावरचे लाल फोड, पू धरलेल्या पुटकुळ्या, हे सगळे एकाच आजाराचे टप्पे. काळ्या ठिपक्यातला काळेपणा म्हणजे मळ नव्हे. छिद्राचं तोंड उघडं राहिल्याने आतल्या रंगद्रव्याला हवा लागून ते काळं पडतं. म्हणून कितीही घासलं तरी ते निघत नाही, आणि घासूही नये.

पण कपाळावर, केसांच्या रेषेलगत किंवा छाती-पाठीवर सगळे एकाच मापाचे बारीक दाणे उठले असतील आणि त्यांना खाज येत असेल, तर शंका घ्या. घाम फार येणाऱ्यांना, पावसाळ्यात किंवा अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्स झाल्यावर मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे असे दाणे येतात. त्यांना बुरशीविरोधी औषध लागतं. मुरमांच्या ट्यूबा महिनोन् महिने लावल्या तरी ते हलत नाहीत. मुरमं दुखतात, ठणकतात, पण सहसा खाजत नाहीत.

दुसरी शंका औषधांची. शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं आता नेहमीचं झालं आहे. इंजेक्शनांचा कोर्स सुरू होतो आणि काहींच्या चेहऱ्यावर त्याच सुमारास एकाएकी मुरमं उठतात. स्टेरॉइडच्या गोळ्या, क्षयरोगावरचं आयसोनियाझिड, फिट्सवरचं फेनिटॉइन यांनीही असं होऊ शकतं. यातलं काहीही मनाने बंद करू नका, ज्या डॉक्टरांनी दिलंय त्यांना चेहरा दाखवा.

आधी काय बंद करायचं

नवीन काही विकत घेण्याआधी आठ-दहा दिवस नुसती काटछाट करा. मला विचाराल तर निम्म्या लोकांचा चेहरा मुरमांपेक्षा उपायांनीच जास्त लाल झालेला असतो.

लिंबाचा रस प्रखर आम्ल आहे, आणि तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे चट्टे पडतात. खाण्याचा सोडा उलट बाजूचा, अल्कलीचा, तोही त्वचेला सोसत नाही. टूथपेस्टने फोड सुकल्यासारखा वाटतो, कारण भोवतालची कातडीच होरपळलेली असते. दालचिनी-लवंगेचे लेप, साखरेचे आणि अक्रोडाच्या भुकटीचे स्क्रब, नाकावर चिकटवून खेचायच्या पट्ट्या, हे सगळं बाजूला ठेवा. मुलतानी मातीशी माझं वैर नाही. आठवड्यातून एकदा पाच-सात मिनिटं लावून ओली असतानाच धुतली तर वरचं तेल शोषून घेते, चेहरा हलका वाटतो. छिद्राच्या आत मात्र ती पोचत नाही. उटण्याचं म्हणाल तर नरकचतुर्दशीच्या पहाटे खुशाल लावा, रोज चेहऱ्यावर चोळू नका.

खोबरेल तेल हा आपल्याकडचा नाजूक विषय. केसांना लावायला हरकत नाही, पण रात्री डोकं चोपडून झोपलं की तेल उशीच्या अभ्र्यावर उतरतं आणि तिथून कपाळावर, गालावर. केसांच्या कडेने ओळीने उठलेली मुरमं बऱ्याचदा याचीच असतात. तेल न्हाण्याआधी तासभर लावा, कपाळाची रेषा सोडून लावा, आणि केस धुऊन झाल्यावर चेहरा धुवा. आजीला वाईट वाटत नाही आणि कपाळही वाचतं.

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. घरोघरच्या औषधांच्या डब्यात अर्धी दुमडलेली एखादी ट्यूब असतेच. 'ही लाव, दोन दिवसांत जातं,' असं मावशी सांगते, आणि खरंच जातं. म्हणूनच ती धोक्याची. ट्यूबच्या मागे घटकांची बारीक ओळ छापलेली असते. मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. त्यासोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असेल तर ती 'गोरं करणारी' म्हणून खपणारी तिहेरी क्रीम. वांगाच्या डागांसाठी डॉक्टर ती मोजके आठवडे देतात, पण लोक ती वर्षानुवर्षं फेअरनेस क्रीमसारखी चोपडतात. मग कातडी पातळ होते, रक्तवाहिन्यांचं जाळं दिसू लागतं, लव वाढते, मुरमं उसळतात आणि क्रीम थांबवली की चेहऱ्याची आग होते. त्वचारोगतज्ज्ञ याला स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असं वेगळं नावच देतात. बरेच महिने लावत असाल तर एका झटक्यात बंद न करता डॉक्टरांना दाखवून उतरवत न्या.

सकाळ

चेहरा धुणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. सकाळचं काम एवढंच.

धुण्यासाठी सौम्य, कमी फेसाचा फेसवॉश घ्या. अंगाचा साबण नको. त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१० च्या आसपास असतो, तर त्वचेचा ५ च्या जवळपास. धुतल्यावर चेहरा 'करकरीत' झाला पाहिजे ही समजूत सोडून द्या. करकरीत म्हणजे वरचं संरक्षणाचं आवरणही धुतलं गेलं. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा पांढरट थर चेहऱ्यावर राहतो, तिथे तर साबण अजिबातच नको. दोन वेळा धुणं पुरे, खेळून किंवा जिममधून आल्यावर तिसऱ्यांदा. बोटांनी अर्धा मिनिट हलकं फिरवायचं, कोमट किंवा साध्या पाण्याने धुवायचं, आणि मऊ पंचाने टिपायचं. रगडायचं नाही.

तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, असं प्रत्येकजण विचारतो. मुरमांची औषधं कातडी कोरडी करतात. मॉइश्चरायझर नसेल तर तिसऱ्या दिवशी सोलायला लागतं आणि माणूस औषधच सोडून देतो. मुंबई-कोकणातल्या दमटपणात जेलसारखं पातळ चालतं, पुण्याच्या थंडीत किंवा विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात थोडं घट्ट लोशन लागतं. सुगंध नसलेलं घ्या. डबीवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' म्हणजे छिद्रं न बुजवणारं असं लिहिलेलं बघा, पण ती कंपनीची स्वतःची ग्वाही असते हे लक्षात ठेवा. तुमच्या चेहऱ्याला काय चालतं ते तुमचा चेहराच सांगणार. घटकांत ग्लिसरिन, सेरामाइड, नायसिनामाइड अशी नावं असली तर बरं. नायसिनामाइडची वेगळी सीरमची बाटली घेतलीच पाहिजे असं नाही, आणि सुरुवातीला तर नकोच.

सनस्क्रीन एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त, जेल किंवा पातळ लोशन. तर्जनी आणि मधलं बोट भरून जी रेघ येते तेवढं चेहरा-मानेला लागतं. बहुतेक लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत, मग आकडा ५० असून उपयोग काय? आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत मुरूम गेल्यावर मागे काळा डाग उरतो आणि ऊन तो डाग गडद करून टिकवतं. ऊन जाळत नाही म्हणून सनस्क्रीन नको, हे म्हणणं म्हणूनच टिकत नाही. डाग फार असतील तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण साधं सनस्क्रीन दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही.

रात्र, आणि औषधाची ट्यूब

इथे घाई करायची नाही. पहिले दोन आठवडे फक्त फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सकाळचं सनस्क्रीन. चेहऱ्याची आग, खाज, सोलणं काही नसेल तर मग एक औषध. एकच. दोन नव्या गोष्टी एकदम सुरू केल्या आणि चेहरा बिथरला तर दोष कुणाचा ते कळत नाही.

बोळा बसूच नये यासाठी सगळ्यात भरवशाचं औषध म्हणजे रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातकुळीतलं औषध), आणि नवख्यांसाठी त्यातलं अडापलीन ०.१ टक्का जेल. ते छिद्राच्या आतल्या पेशींचं चिकटणं कमी करतं. अमेरिकेत २०१६ पासून हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतं. आपल्याकडे एकदा डॉक्टरांना विचारून सुरू करणं शहाणपणाचं. गरोदर असाल, मूल होण्याचा विचार असेल किंवा अंगावर पाजत असाल तर रेटिनॉइड नको. अशा वेळी अझेलिक अॅसिडसारखा पर्याय डॉक्टर सुचवतात.

लावायची पद्धत नीट बघा, कारण बिघडतं ते इथेच. रात्री चेहरा धुवून टिपा आणि दहा-पंधरा मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या कातडीवर लावलं तर चुरचुरतं. बोटाच्या टोकावर मटारच्या दाण्याएवढं जेल घ्या. त्यातून पाच ठिपके: कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी. मग ते पातळ पसरवा. एवढ्याने पूर्ण चेहरा भागतो, जास्त लावून जास्त फायदा होत नाही, फक्त सोलतं. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांभोवतीची जागा सोडा. पसरवता पसरवता तिथे जायची भीती असेल तर आधीच त्या जागी थोडं व्हॅसलीन लावून ठेवा. वरून मॉइश्चरायझर. त्वचा नाजूक असेल तर मॉइश्चरायझर, औषध, पुन्हा मॉइश्चरायझर असं तीन थरांत लावा.

औषधाचे पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, समजा सोमवार आणि गुरुवार. पुढचे दोन आठवडे एका रात्रीआड. सोसलं तर मग रोज. मधे कधी फार सोललं, लाल झालं तर दोन-तीन रात्री नुसतं मॉइश्चरायझर लावा आणि पुन्हा सुरू करा. त्याला खंड पडला असं समजायचं कारण नाही.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहींची मुरमं वाढल्यासारखी दिसतात. आत बसलेले बोळे लवकर वर येतात त्याचा हा परिणाम. नेमक्या इथेच 'मला हे सूट होत नाही' म्हणून ट्यूब फेकली जाते. जिथे एरवी येतात तिथेच आली असतील तर औषध न सोडता धीर धरा. आजवर कधीच न येणाऱ्या जागी पुरळ, सूज किंवा खूप आग असेल तर मात्र बंद करा. औषधाला न्याय द्यायचा तर १२ आठवडे द्यावे लागतात. रोज आरशात बघून काही कळत नाही. एकाच खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, महिन्यातून एक फोटो काढून ठेवा.

लाल, पू धरलेल्या पुटकुळ्या जास्त असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड. हे क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस या जिवाणूला मारतं आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही. २.५ टक्क्यांचं पुरतं. ५ आणि १० टक्क्यांचं त्याहून फार काही जास्त करत नाही, कातडी मात्र जास्त कोरडी करतं. सकाळी पातळ थर लावा, किंवा त्याचाच फेसवॉश घेऊन एक-दोन मिनिटं ठेवून धुवा. एक इशारा: हे कापडाचा रंग उडवतं. गडद टॉवेल, नवा अभ्रा, आवडत्या कुर्त्याचा गळा, सगळ्यावर नारिंगी-पांढरे डाग पडतात आणि ते धुण्याने जात नाहीत. पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा वापरा. अडापलीनसोबत हे चालतं, दोन्ही एकत्र असलेली ट्यूबही मिळते. जुन्या पद्धतीचं ट्रेटिनॉइन (हेही रेटिनॉइडच) मात्र बेन्झॉइल पेरॉक्साइडने निकामी होतं, ती दोन्ही एका वेळी लावू नयेत.

नाकावर-हनुवटीवर नुसते काळे-पांढरे ठिपके असतील आणि रेटिनॉइडची भीती वाटत असेल तर सॅलिसिलिक अॅसिड, १ ते २ टक्के, एका दिवसाआड. ते तेलात विरघळतं म्हणून छिद्रात शिरतं. ताकद रेटिनॉइडपेक्षा कमी. क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकची जेल मेडिकलमधून आणून एकटीच महिनोन् महिने लावणं टाळा. जिवाणू त्याला सरावतात आणि पुढे गरज पडेल तेव्हा ते औषध चालत नाही. डॉक्टर ती देतात तेव्हा सहसा बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने देतात, ते याच कारणाने.

स्कार्फ, हेल्मेट, हात

पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुलींचे डोळे तेवढे दिसतात, बाकी चेहरा ओढणीत. धुळीपासून ते बरंच, पण तोच स्कार्फ आठवडाभर डिकीत कोंबलेला असेल तर घाम, धूळ आणि घर्षण थेट गालावर. दोन-तीन सुती स्कार्फ ठेवून रोज बदला. हेल्मेटचा पट्टा हनुवटीवर जिथे घासतो तिथे ओळीने पुटकुळ्या येतात. आतलं अस्तर निघत असेल तर धुवा, नसेल तर खाली पातळ सुती रुमाल बांधा. अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. आणि अभ्यास करताना, मीटिंगमध्ये ऐकताना नकळत हनुवटी कुरतडणारा हात ओळखा. फोडलेल्या एका पुटकुळीचा डाग तीन-चार महिने सोबत करतो.

पार्लरमधल्या फेशियलबद्दल थोडक्यात: फुगलेल्या मुरमांवर तेलकट क्रीमचा मसाज नको, ब्लीच नको.

खाण्याचं काय

'तळलेलं खातोस म्हणून येतात' हे प्रत्येक घरात ऐकू येतं. वडा खाल्ल्याने त्याचं तेल गालातून बाहेर येत नाही. ज्याला थोडाफार पुरावा आहे ती गोष्ट वेगळी: साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ, म्हणजे गोड पेयं, मैदा, बिस्किटं. दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, संबंध काही पाहण्यांत दिसला आहे, पण म्हणून चहातलं चमचाभर दूध सोडायची गरज नाही. जिमला जाऊन व्हे प्रोटीन (दुधापासून काढलेली प्रथिनांची पावडर) सुरू केलेल्या मुलांच्या पाठीवर-खांद्यावर मुरमं उसळलेली दिसतात, त्यांनी दोन महिने ते थांबवून बघायला हरकत नाही. पाणी जरूर प्या, पण चार लिटर पाण्याने बोळे वाहून जात नाहीत.

डाग आणि खड्डे

सपाट काळा किंवा तांबूस डाग म्हणजे व्रण नव्हे. तो महिन्यांच्या हिशेबाने, कधी वर्षभराने, फिका होतो. सनस्क्रीन आणि रेटिनॉइड हेच त्याचे उपाय. बोटाला खोलगट लागतो तो खड्डा. तो कुठल्याही क्रीमने भरत नाही, त्यासाठी डॉक्टरांकडच्या प्रक्रिया लागतात, आणि त्याही मुरमं आटोक्यात आल्यावर.

डॉक्टरांकडे कधी

खोल गाठी, खड्डे पडायला सुरुवात, आई-वडिलांपैकी कुणाच्या चेहऱ्यावर मुरमांचे मोठे व्रण, १२ आठवडे नीट लावूनही फरक नाही, किंवा चेहऱ्यामुळे कॉलेजला जाणंच टाळणं, यातलं एक जरी असेल तरी थांबू नका. मुलींमध्ये पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि जबड्याच्या रेषेवर मुरमं असं एकत्र असेल तर पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाची) तपासणी करून घ्या. तिथे नुसत्या ट्यूबने भागत नाही. गंभीर मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात. अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळालेलं हे औषध फार प्रभावी आहे, पण गर्भाला त्याने भयंकर व्यंग येऊ शकतं. गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा होता कामा नये, आणि अधूनमधून रक्ततपासण्या लागतात. मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातून या गोळ्या कधीही घेऊ नका.

पाटीवर 'स्किन क्लिनिक' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. डॉक्टरांच्या नावापुढे त्वचारोगातली एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल यांपैकी एखादी पदवी-पदविका आहे का ते बघा. खासगी फी परवडत नसेल तर पुण्याचं ससून, परळचं केईएम, नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज, आणि बहुतेक सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते. केसपेपर स्वस्तात निघतो, रांग मात्र मोठी, तेव्हा सकाळी लवकर पोचा. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबांचे मागच्या बाजूचे फोटो, चालू गोळ्या-इंजेक्शनांची नावं आणि खिडकीपाशी काढलेले ते महिन्याचे फोटो सोबत न्या. त्या दिवशी फाउंडेशन लावून जाऊ नका.